क्षयतिथीला चिखलात बसलेली सात गलबते

नाखवा,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. या दिवसांत जेवढा शोक करायला हवा होता तेवढा मी केलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. शोकाला मन निवांत असावे लागते आणि माझे मन संतापलेले आहे. त्र्याहत्तराव्या वर्षी, नित्य संध्या करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, हे मला कळते. पण तुमच्यापाशी मी शोभेचे कधी बोललो नाही. आता ती सुरुवात कशाला करू?

तुमच्या बाराव्याला मी विचुंब्याला तुमच्या घरी आलो होतो. बाहेरच्या खोलीत तुमची तसबीर मांडलेली, पुढे समई, आणि ज्या टेबलावरून तुम्ही अकरा वर्षे माझ्याशी लढलात त्या टेबलावर नारळांच्या आणि फुलांच्या पिशव्या. मंडळी पांगल्यावर खांदा कॉलनीतला केदार पुढे झाला. संगणकावर युद्धाचे खेळ खेळणाऱ्यांच्या ज्या गटात तुम्ही वयाने सर्वांत वडील होता, त्या गटाचा हा चालक. शिकलेला, नोकरीतला, चाळिशीला टेकलेला गृहस्थ. तो मैनावहिनींना म्हणाला, "काकू, काकांची आठवण म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून एक काम केलंय. काकांनी बनवलेली लढाई अपडेट केली. आता कुणीही डाउनलोड करून खेळू शकतं. सुरुवातीलाच काकांचा फोटो येतो, बघा."

फोटो आला. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मग नकाशा उघडला, तशा त्या खुर्ची ओढून पुढे सरकल्या आणि बोटाने पडद्यावर काहीतरी शोधू लागल्या.

"खाडी कुठं हाय?"

"काकू, ती काढली. म्हणजे कडेला थोडं पाणी ठेवलंय, मधे सगळी जमीन केली. भरती-ओहोटीमुळे जहाजं अडकायची, लोक कंटाळून सोडून द्यायचे. आणि त्यात बगही होता. आता एकदम स्मूथ चालतं."

वहिनींनी त्या सपाट हिरव्या रंगावरून बोट फिरवले. नंतर त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, "हितं बी भरली?"

नाखवा, त्या तीन शब्दांनंतर माझ्याकडून जे झाले ते झाले. दुखवट्याच्या घरात, समईसमोर, मी मोठ्याने ओरडलो. "ज्याची खाडी, त्याला विचारलेत का? त्याच्या नावाने दिवा लावता आणि त्याच्याच पाण्यावर माती ओतता?" आयुष्यभर वर्गात मी आवाज चढवला नव्हता, हे माझे जुने विद्यार्थी सांगतील. त्या दिवशी तो चढला आणि उतरेना.

तुमची खाडी एकदा भरली गेली, ती आपण डोळ्यांनी पाहिली होती. काठावरचे तुमचे गाव, तिवरांची रांग, तुमच्या वडिलांची होडी लागायची तो घाट, मैनावहिनींच्या बापाची डोल, म्हणजे ओहोटीच्या धारेत खुंटांना बांधून ठेवायचे ते पिशवीसारखे जाळे, जिथे असायची ती वाट. सगळ्यावरून डंपर गेले. कोणी भरली, कशासाठी, याची चर्चा गावाने भरपूर केली आहे. विचारायला गेलेल्यांना उत्तर एकच मिळाले होते, की ती मध्ये येते. आणि आता तुमच्या नकाशातून ती काढणाऱ्यांचेही म्हणणे तेच, की ती मध्ये येते. खाडी मध्ये येणार नाही तर कुठे येणार? तिच्या दोन्ही अंगांनी माणसे वसली म्हणून तर इथे बंदर झाले, बाजार झाला, देऊळ झाले.

भरली गेलेली ती खाडी आणखी कुठे उरली होती, हे मला अकरा वर्षांपूर्वी कळले. प्रवचन संपवून मी पोथी बांधत होतो. तुम्ही खांबाजवळ उभे. बंदरात तीस वर्षे क्रेन चालवून निवृत्त झालेला माणूस, अंगावर इस्त्रीचा सदरा, पायांत वहाणा नाहीत.

"गुरुजी, एक काम हाय तुमच्याकडं."

"सत्यनारायण?"

"पूजा नाय. लढाई हाय."

मुलाने घरात संगणक आणून दिला, आणि तुम्हाला त्यात असा एक खेळ सापडला की ज्यात माणूस स्वतःची लढाई रचू शकतो. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी घरांचा नकाशा काढायचा, त्यावर दोन फौजा मांडायच्या आणि अटी लिहायच्या, की अमुक वेळी अमुक घडावे. गटातली इतर माणसे दूरदेशीच्या लढाया बांधत. तुम्ही तुमची खाडी बांधलीत, कागदाचा एक कपटाही समोर न घेता. कोणत्या घरात कमरेइतके पाणी, कोणत्यात गुडघाभर चिखल, कुठून गलबत जाते आणि कुठून फक्त होडी, सगळे पाठ. 'आंधळी वाट' आणि 'सासूचा चिखल' ही नावे तुम्ही पडद्यावर लिहिलीत तेव्हा मी विचारले होते, सासूचा का? तुम्ही म्हणालात, "एकदा घरात शिरला का सोडत नाय."

लढाई कोणत्याही बखरीत नसलेली. समुद्राकडून तुमची सात गलबते यायची आणि पनवेलच्या धक्क्याला लागायची. काठावरच्या माझ्या तोफांनी ती अडवायची. एवढेच युद्ध. एक पाळी म्हणजे एक प्रहर, ही सूचना माझी. भरतीचा पाढा तुमचा. "तिथीला पाऊणनं गुना, भरती किती वाजता ते आलं. आमच्या म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हतं, पन ह्यो पाढा येत व्हता." उभ्या आयुष्यात पंचांगाचा इतका सरळ उपयोग मी कोणाकडून ऐकला नव्हता. मी वर्षभराच्या तिथींचा तक्ता करून दिला. तुम्ही त्यावरून कोणत्या दिवशी कोणत्या पाळीला कोणत्या घरात पाणी, ते भरलेत. विद्येचा असा संगम मला पाठशाळेतही भेटला नाही.

मग आपले युद्ध सुरू झाले, आणि काय युद्ध ते! धनुर्वेद हा उपवेद, म्हणून हे अध्ययन, म्हणून अनध्यायाच्या तिथींना मी खेळणार नाही, असे मी सांगितले. तुम्ही बोटे मोजलीत. "म्हंजे तुमच्या फौजेला म्हयन्याला आठ सुट्ट्या. किल्ला हाय का कचेरी?" माझी खेळी पेन ड्राइव्हवर जायची, तुमची यायची. आणायच्या मैनावहिनी, बाजारात मासळी विकायला येताना, पाटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. मी ती वस्तू उंबऱ्यावर ठेवून घ्यायचो आणि वर गंगाजळ शिंपडायचो. तुम्हाला हे कळले तेव्हा रागवाल असे वाटले होते. तुम्ही निरोप धाडलात, "गुरुजींना सांगा, पानी आत ग्येलं तर युद्ध बुडंल." त्यानंतर मी पाणी शिंपडले नाही. माझी लाज कशी काढावी हे तुम्हाला नेमके कळायचे. जखम न करता.

आता त्या डावाकडे यावे लागेल. सात वर्षे मी त्याला वळसा घालून जातो आहे.

चौथ्या वर्षीचा माघ. तुमची सातही गलबते सासूच्या चिखलाच्या तोंडाशी, भरतीची वाट पाहत. पुढच्या पाळीला पाणी चढणार आणि ती आंधळ्या वाटेने सुटणार, असा तुमचा बेत. पण त्या पक्षात षष्ठीचा क्षय होता. सूर्योदयाला जी तिथी, ती दिवसाची. षष्ठी दोन सूर्योदयांच्या मधेच लागली आणि संपली, तिला दिवस मिळाला नाही. माझ्या तक्त्यात पंचमीनंतर एकदम सप्तमी. तुमच्या पाढ्याने भरती पाऊण तास जास्त पुढे ढकलली गेली, आणि खेळात प्रहराहून लहान काळच नसल्याने त्या पाऊण तासाचा अख्खा प्रहर झाला. गलबते एक पाळी जास्त चिखलात बसली. मी तोफा डागल्या. पाच बुडाली, दोन मागे फिरली. मी जिंकलो.

माझी खेळी हाती पडल्यावर तासाभरात तुम्ही रिक्षा करून माझ्या दारात.

"गुरुजी, पानी याला पायजे व्हतं."

"पंचांगाप्रमाणे आले."

"तिथीचा क्षय व्हतो, पान्याचा नाय व्हत."

"शास्त्रात आहे ते मी लिहिले."

"मंग डाव परत लावा."

"लागलेला डाव परत लागत नाही."

तुम्ही वाद वाढवला नाहीत. पुढची क्षयतिथी येईपर्यंत थांबलात, चांगले दोन महिने, आणि त्या दिवशी मला उरल्यासुरल्या खाडीच्या काठी घेऊन गेलात. ओहोटी होती. "उतरा," म्हणालात. मी धोतर खोचून उतरलो आणि गुडघ्यापर्यंत गेलो. "आता मंत्र म्हना," तुम्ही काठावरून. तुमच्या हातात घड्याळ होते. तुम्ही सांगितलेल्या वेळेला, एक पळ इकडेतिकडे नाही, पाणी माझ्या पोटऱ्यांना लागले. गार, हळू, कोणाचेही न ऐकणारे. माझी एक वहाण तिथेच राहिली.

आणि मी काय म्हणालो? "वाऱ्याने आले असेल."

तुम्ही हसलात. हात देऊन मला वर ओढलेत. चहा पाजलात. मी चुकलो होतो हे मला पाणी लागले त्याच क्षणी कळले होते, नाखवा. त्याआधीही कळले होते. तुम्ही दारात उभे होता तेव्हाच. पण चाळीस वर्षे शिकवणाऱ्याला, अक्षर न येणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या पाढ्यापुढे पंचांग मिटणे जमले नाही. तिथी चंद्राची असते, आणि पाणीही चंद्राचेच. मधे सूर्योदय घुसवला तो मी, माणसांच्या सोयीचा. एवढे साधे वाक्य सात वर्षांत माझ्या तोंडून निघाले नाही.

आणि तुम्ही! इथे माझा राग तुमच्यावरही आहे, तो ऐकून घ्या. तक्ता दुरुस्त करणे तुमच्या हातात होते. दोन बोटांचे काम. अधूनमधून विचारायचात, "गुरुजी, डाव परत लावायचा ना?" मी विषय बदलायचो. एकदा मीच म्हणालो, "तुम्हाला एवढे वाटते तर बदला की." तुम्ही मान हलवलीत. "तक्ता तुमचा हाय. तुमी बदलाल तवा बदलंल. मी हात लावनार नाय." हा कसला आदर? हट्टी माणसाच्या चुकीला असे सात वर्षे झाकून ठेवायचे असते का? तुम्ही एकदा रागावला असतात, एकदा तो पेन ड्राइव्ह माझ्या अंगावर फेकला असतात, तर पुढचे टळले असते.

कारण पुढचे असे झाले. त्या बाराव्याच्या दिवशी मी ओरडून दमलो, तेव्हा केदार हात जोडून म्हणाला, "गुरुजी, आम्ही मुद्दाम नाही केलं. बग खरंच होता. एका दिवशी पाणी एक टर्न उशिरा येतं. आम्ही महिनाभर शोधलं, काकांनाही विचारलं. काका म्हणाले, तो हिशोब माझा नाही, ज्याचा आहे त्याला विचारा. पण कुणाचा ते सांगेनात. लॉजिकच सापडेना, शेवटी म्हटलं, सगळंच काढू."

मी खाली बसलो. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना ठाऊक होते का, ते मला आजही माहीत नाही.  चप्पल घालून घरी आलो. शाप द्यायला वर केलेला हात स्वतःच्याच डोक्यावर येतो, असे मी कितीदा प्रवचनात सांगितले असेन; श्रोते माना डोलवायचे.

तीन दिवस मी पूजेला बसलो आणि मंत्र चुकत गेलो. तुमच्या नावाने पाणी द्यावे म्हटले. तर्पणाच्या यादीत आप्तांबरोबर सख्याचेही नाव घेण्याची सोय आमच्या पूर्वजांनी ठेवली आहे, ती यासाठीच. पण ओंजळीत पाणी घेतले की ते मला ओळखत असल्यासारखे वाटायचे. चौथ्या दिवशी सकाळी मी केदारला फोन केला.

"तो बग माझा आहे," मी म्हणालो.

"काय?"

"क्षयतिथी. या, सांगतो."

आम्ही तुमच्याच घरी बसलो, तुमच्याच टेबलाशी. मी तिथीची खरी सुरुवात आणि खरा शेवट सांगत गेलो, सूर्योदय बाजूला ठेवून. तो तुमच्या मूळ फाइलीत भरत गेला. दुपारपर्यंत झाले.

"एवढंच होतं?" त्याने विचारले.

"एवढेच."

"मग गुरुजी, आधी का नाही सांगितलंत?"

 मी उलट विचारायचे ते विचारले, कारण माझी चूक माझी असली तरी त्याची त्याची आहे. पोथीत एक ओळ अशुद्ध निघाली तर ती ओळ शोधतात, तिच्यासाठी दहा प्रती ताडून पाहतात. कंटाळा आला म्हणून पोथी गुंडाळून फेकत नाहीत. एक तिथी कळली नाही म्हणून समुद्र काढून टाकायचा, हे कोणते शहाणपण? आणि वर त्यालाच स्मरण म्हणायचे?  तो म्हणाला, "जुनी परत ठेवतो. पण ग्रुपमधले काही जण बोलतील. त्यांना फास्ट लागतं."

"त्यांना माझा फोन नंबर द्या," मी म्हणालो. "मी पुष्कळ हळू बोलतो."

तेवढ्यात त्याला तुमच्या संगणकात एक जतन केलेला डाव सापडला. त्याने नाव वाचले आणि माझ्याकडे चोरून पाहिले. नाव होते, 'गुरुजींचा हट्ट'. माघातली तीच पाळी. सातही गलबते चिखलाच्या तोंडाशी, जशीच्या तशी, सात वर्षे तुम्ही ठेवून दिलेली.

"लावायचा?" केदार म्हणाला.

नवा तक्ता त्या जुन्या डावाला त्याने कसा जोडला ते मला कळले नाही. माझ्या तोफा माझ्या होत्या. तुमच्या बाजूला कोण? स्वयंपाकघराच्या दारात मैनावहिनी उभ्या होत्या. त्या आल्या, केदारच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या आणि त्याला सांगू लागल्या, "तिकडं नको नेऊ, तिकडं खडक हाय. ह्याला आंधळ्या वाटनं काढ. हळू. पान्याच्या मागनं जा, पुढं नको." पडद्यावर त्या घरांना निळा रंग चढत होता. एका जागी त्यांनी बोट ठेवले. "ह्या इथं माज्या बापाची डोल व्हती." मग पुन्हा, "चल, चल."

मी मनापासून तोफा डागल्या, नाखवा. दया म्हणून एकही गोळा वाया घालवला नाही. तो तुमचा अपमान झाला असता. एक लागला, शीड गेले, गलबत चालत राहिले. सातही धक्क्याला लागली. मी हरलो. खरे तर माघातल्या त्या दुपारीच हरलो होतो. मान्य करायला सात वर्षे लागली, आणि तुम्ही ते ऐकायला थांबला नाहीत.

माझा राग शमलेला नाही. तुमच्या नकाशातली खाडी परत आली. बाहेरची येणार नाही, आणि ती चूक कोणाच्या तक्त्यातली, हे फोन करून सांगायला अजून कोणी पुढे आलेले नाही. ते येईपर्यंत मी रागावलेलाच राहणार आहे. या वयात तेवढी तपश्चर्या झेपेल.

आज सकाळी मी तुमच्या नावाने तर्पण केले. घरात, तांब्याच्या ताम्हणात. दुसरी जागा उरली नाही. तिथी पाहिली, तिला पाऊणने गुणले, आणि तुमच्या म्हाताऱ्याच्या पाढ्याने जी वेळ आली त्या वेळेपर्यंत ओंजळ धरून बसलो. सूर्योदय केव्हाच होऊन गेला होता. मी हललो नाही. पाणी तुमच्या वेळेला सोडले.